ढिगातला वाटा

मरोळला मी राहते त्या गल्लीच्या तोंडाशी एक स्टेशनरीचं दुकान आहे. परवा रिफिली घ्यायला गेले तर काउंटरवर, अगदी नजरेसमोर, पारदर्शक पिशव्यांची एक माळ लटकत होती. आत रंगीत झाकणं होती, पुठ्ठ्याच्या नळ्या होत्या, आइस्क्रीमच्या काड्या, स्ट्रॉ, चमचे, मूठभर बटणं. ती झाकणं कधी कुठल्या बाटलीवर बसली नव्हती, त्या काड्यांना कुणाची जीभ लागली नव्हती, त्या नळ्यांभोवती कधी काही गुंडाळलं गेलं नव्हतं. पिशवीवर छापलं होतं : टाकाऊ वस्तूंचा संच. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी मुलांच्या शाळेसाठी दोन संच मागितले आणि पिशवी उजेडात धरून विचारलं, "स्वच्छ आहे ना हो?"

"एकदम फ्रेश, मॅडम. कालच माल आलाय," दुकानदार म्हणाला. बाईंनी समाधानाने मान हलवली.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. राग मला लवकर येतो आणि तो मुद्देसूद येतो. दुकानाच्या पायरीवरच मनातल्या मनात माझं भाषण सुरू झालं. देवनारला कचऱ्याचा डोंगर उभा असलेल्या या शहरात मुलांच्या हस्तकलेसाठी कचरा विकत आणावा लागतो. म्हणजे कचरा कमी करा हे शिकवण्यासाठी आधी नवा कचरा तयार करायचा, तो पिशवीत भरायचा, ती पिशवी फेकायची आणि आठवड्याभराने त्या झाकणांचं फुलपाखरूही फेकून द्यायचं. भाषणाचा शेवटही सुचला होता आणि तो चांगला टाळ्यांचा होता. पण जिना चढता चढता ते भाषण निवत गेलं. कानात राहिला तो फक्त त्या बाईंचा प्रश्न. स्वच्छ आहे ना? त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. आपल्या लेकराचा हात कशात जाणार आहे, हे कुठल्याही आईबापाने विचारावं. माझ्या बाबांनीही ते एकदा विचारलं होतं. फक्त विचारताना त्यांच्या आवाजात जे होतं, ते 'एकदम फ्रेश' अशा उत्तराने शमणारं नव्हतं.

बाबा कचऱ्याच्या गाडीवर लोडर होते. घाटकोपरच्या टेकडीवर आमची वस्ती. उजाडायच्या आत ते निघत आणि गाडी रिकामी करून दुपारी परत येत. आल्यावर थेट घरात शिरत नसत. घरामागे नळाजवळ पत्र्याचा आडोसा होता. आई तिथे बादली, साबण आणि धुतलेले कपडे ठेवून द्यायची. बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज यायचा. कामाचे कपडे बाहेरच्या खिळ्याला, बूट बाहेरच्या फळीखाली. मग भांग पाडून, पांढरा शर्ट घालून, एखाद्या कचेरीतून आल्यासारखे बाबा उंबरठा ओलांडायचे. त्यांचा एकच नियम होता आणि त्याला अपवाद नव्हता : दुसऱ्याने टाकलेलं आपल्या घरात येणार नाही. गाडीवरच्या इतरांना कधी धड चालणारा पंखा सापडे, कधी एक पाय मोडलेली खुर्ची, कधी हात तुटलेली पण डोळे मिटणारी बाहुली. ते आपापल्या मुलांसाठी घेऊन जात. बाबांनी आमच्यासाठी त्यातलं काही कधी आणलं नाही. त्यांचे आजोबा गावात लोकांनी टाकलेलं खात, टाकलेलं नेसत. एके दिवशी सगळ्या वस्तीने मिळून ते थांबवलं. त्या थांबण्याची गोष्ट बाबा आम्हाला सांगत ती एखादी लढाई सांगावी तशी. पोटासाठी हात घालावा लागतो तो लागतो, पण उंबऱ्याच्या आत नाही. एवढी एक रेघ त्यांनी ओढली होती आणि ती पुसट होऊ नये म्हणून ते रोज राखत होते.

घरात यायची ती पत्रकं. कामगारांच्या सभेची, विहारातल्या व्याख्यानाची, मोर्चाची. गुलाबी, पिवळ्या, फिक्या हिरव्या कागदावर छापलेली. त्यांची शाई बोटाला लागायची. छातीच्या खिशात घडी घालून ती मात्र सरळ आत येत. जेवण झालं की बाबा भिंतीला टेकून बसायचे आणि मला म्हणायचे, "हं, वाच." वर्गातल्या मुली कमळ आणि बदक वाचत होत्या तेव्हा मी घरी 'न्याय्य' आणि 'स्वाभिमान' यांची जोडाक्षरं फोडत बसलेली असायचे. अडखळले की बाबा डोळे मिटूनच म्हणायचे, "परत." त्या पत्रकांच्या मागच्या बाजू कोऱ्या असत, पण त्यांची होडी करायची सोय नव्हती. एकदा भावाने विमान केलं होतं, तर बाबांनी ते उलगडून, तळहाताने घड्या सपाट करून पुन्हा गठ्ठ्यात ठेवलं. रागावले नाहीत. त्यांच्या त्या सपाट करण्याचीच आम्हाला जास्त भीती वाटली.

शाळाशाळांतून हस्तकलेची प्रदर्शनं भरत तो हंगाम बाबांना मुळीच आवडत नसे. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी पोती भरभरून माल निघे. थर्माकोलचे किल्ले, पुठ्ठ्याचे मोर, बाटल्यांचे पेंग्विन. सगळं एकमेकांना चिकटलेलं, ओलं, कितीही दाबलं तरी न दबणारं. जी बाटली निदान भंगारात गेली असती तिला रंग आणि डिंक फासला की भंगारवालाही हात लावत नाही, असं ते म्हणायचे. त्या दिवसांत कितीही साबण लावला तरी बाबांच्या दंडावर, मानेवर, कधी भुवईत चमकी राहून जायची. सोनेरी, निळी. जेवताना दिव्याखाली ती लुकलुकायची आणि मी घास हातात धरून बघत बसायचे. मला ते फार सुंदर वाटायचं. आई हसू दाबत म्हणायची, "कुणाच्या वरातीतून आलात हो?" बाबा नखाने ती चमकी खरवडत राहायचे.

अशात आमच्या वर्गाला शिकवायला नव्या बाई आल्या. मूळच्या कोकणातल्या, वडील गिरणीत होते आणि गिरणी बंद पडल्यावर घराने जे काही सोसलं त्याच्या गोष्टी त्या इतिहासाच्या तासाला मधेच सांगून टाकायच्या. उंच, सडसडीत, बोलायला फटकळ. रागावल्या की मालवणीत शिरायच्या. "अगो, गप रव गो जरा!" असं त्या ओरडल्या की आम्हाला हसू फुटायचं आणि मग त्यांनाही. त्यांच्या आधी कार्यानुभवाचा तास म्हणजे फळ्यावरचं फूल वहीत उतरवून रंगवणं. बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, घरात जे फेकून देणार असाल ते पिशवीत घालून आणा, आणि कुणी दुकानातून काही आणलं तर वर्गाबाहेर उभं करीन. वर्गाच्या मधोमध त्यांनी एक जुनी सतरंजी अंथरली. सगळ्यांना भोवती उभं केलं आणि म्हणाल्या, "पिशव्या उलट्या करा. सगळ्यांनी एकदम. ओता!"

तो आवाज अजून माझ्या कानात आहे. झाकणांचा खळखळाट, डब्यांचा ठणठणाट आणि त्यावर साऱ्या वर्गाचा जल्लोष. मग एकदम शांत झालं, कारण सतरंजीवर जे पडलं होतं ते आमच्यापैकी कुणी एकत्र कधी पाहिलंच नव्हतं. काडेपेट्या, टूथपेस्टच्या पिळून पिळून चपट्या झालेल्या ट्यूबा, तुटक्या बांगड्या, औषधांच्या रिकाम्या चंदेरी पट्ट्या, पावडरीची पत्र्याची डबी, बिनजोडीचे मोजे, दुधाच्या पिशव्या. दुधाचा आंबूस वास, कुठल्याशा अत्तराच्या बाटलीचा उरलेला वास, बामचा वास. घरांचे वास होते ते. पण मिसळल्यावर त्यांचं असं काही झालं होतं की ते कुठल्याच एका घराचे राहिले नव्हते. बाईंनी दुसरा नियम सांगितला. ढिगातून हवं ते उचला, पण हे कुणाचं, असं विचारायचं नाही. जो विचारेल त्याचे कान माझ्या हातात.

माझी पिशवी गोडेतेलाची रिकामी पिशवी, मेणबत्त्यांचं खोकं आणि दोन काडेपेट्या एवढ्यावर संपली होती. त्या ढिगात मला फरशी पुसायच्या औषधाची एक निळी बाटली सापडली. तिला बाक होता. उभी धरली की कमरेत वाकलेल्या म्हातारीसारखी दिसायची. बाईंना दाखवली तर त्या मोठ्याने हसल्या. म्हणाल्या, "हिला बोलतं कर. हिच्या तोंडात दात नसतील, पण जीभ असली पायजे." स्नेहसंमेलनात आम्ही साडीच्या पडद्यामागून बाहुल्यांचं नाटक करणार होतो, आणि त्या नाटकात सगळ्यांना खडसावणारी एक म्हातारी होती. ते काम माझं ठरलं. मी बाटलीला तारेचे हात लावले, बामच्या डब्यांच्या झाकणांचा चष्मा केला. नाकासाठी नीट काही सापडेना, म्हणून रोज रात्री झोपेपर्यंत मी त्या नाकाचा विचार करायचे. पत्रकं जो आवाज काढून वाचायचे तोच आवाज जरा खर्जात लावला की म्हातारीचा होतो, हे मला कळलं होतं. वर्गात मी फारशी कुणाच्या लक्षात येणारी मुलगी नव्हते. म्हातारीमुळे येऊ लागले होते.

शाळेत मंत्रिमंडळ असायचं, तुमच्याही असेल. अभ्यासमंत्री, क्रीडामंत्री, पाणीमंत्री. आमच्या बाईंनी मला स्वच्छतामंत्री केलं. कार्यानुभवाचा तास संपला की उरलेला ढीग पिंपात भरायचा, सतरंजी झटकायची, वर्ग झाडायचा, हे मंत्र्याचं काम. एका मोठ्या पिवळ्या झाकणाला सेफ्टी पिन अडकवून बाईंनी बिल्ला केला होता. तो छातीवर लावून मी टेकडी चढले. वाटेत भेटेल त्याला दाखवला.

बाबा जेवून भिंतीला टेकले होते. मी दारातूनच ओरडले, "बाबा, मी मंत्री झाले!"

त्यांचा चेहरा असा उजळला की मी तो कधी विसरणार नाही. "अरे वा! कसली मंत्री?"

"स्वच्छतामंत्री."

बाबांनी टेकलेली पाठ सरळ केली. "काय करायचं असतं स्वच्छतामंत्र्यानं?"

"तास संपला की सगळा कचरा भरायचा आणि झाडू मारायचा. बाई म्हणाल्या, तुझ्यासारखा हात कुणाचाच चालत नाही."

"आणि बाकीची पोरं?"

"ती घरी जातात."

स्टोव्हपाशी बसलेल्या आईने मान वर केली. बाबा उठून उभे राहिले आणि अगदी हळू म्हणाले, "काढ तो बिल्ला."

"अहो, पोरीनं हौसेनं लावलाय," आई म्हणाली.

"हौसेनं? मग आपल्या सात पिढ्या मंत्रीच होत्या म्हणायच्या!"

"उगाच पेटू नका. पोरगी बाहुली करतेय. मढं नाही ओढत."

आई असं काही बोलेल हे तिलाही वाटलं नसावं. साकीनाक्याच्या एका कारखान्यात दिवसभर उभं राहून ती खोकी भरायची, रात्री पाय चोळत बसायची, आणि आमच्या घरातल्या मोठ्या शब्दांचा तिला कधीकधी कंटाळा यायचा. बाबा माझ्याकडे वळले. मला एवढंच सांगितलं की उद्यापासून त्या तासाला बसायचं नाही. ढीग नाही नि बाहुली नाही. मी रडले ती म्हातारीसाठी. स्वाभिमान हा शब्द मला न अडखळता वाचता येत होता, पण बाबांना माझा मान का बघवत नाही, हे काही केल्या कळत नव्हतं.

कार्यानुभवाचे पुढचे दोन तास मी व्हरांड्यात बसून काढले. तिसऱ्या तासालाही तिथेच होते; शाळा सुटताना बाबा फाटकातून आत येताना दिसले. अंघोळ करून आलेले, पांढऱ्या शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. वर्ग रिकामा झाला होता. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. बाई म्हणाल्या, "या ना, बसा." बाबा बसले नाहीत.

"बाई, माझ्या मुलीलाच मंत्री का केलंत?"

"अहो, चुणचुणीत आहे तुमची मुलगी. कामाला हात चांगला आहे."

"चुणचुणीत आहे, तर अभ्यासमंत्री करायचं होतंत."

बाई हसायला लागल्या होत्या, त्या थांबल्या. बाबांकडे बघता बघता त्यांना काहीतरी दिसलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला. "तुम्हाला वाटलं मी मुद्दाम..."

"मुद्दाम केलं असतंत तर बरं झालं असतं," बाबा म्हणाले. "भांडता तरी आलं असतं. तुम्ही सहज केलंत. सहजच डोळा हिच्यावर गेला." मग त्यांचा आवाज चढला. तो रिकाम्या वर्गात घुमला आणि पलीकडच्या वर्गातल्या एक बाई डोकावून गेल्या. ढिगात माझी मुलगी हात घालणार नाही, ते म्हणाले. कुणाचं काय त्यात पडलंय कोण जाणे. ते स्वच्छ आहे का? कोण बघतं? तिच्या घरात जे उरतं त्याची बाहुली तिने करावी. आपलं आपण. दुसऱ्याच्या उरलेल्यावर आम्ही पुष्कळ जगलो.

बाईंनी मला जायला सांगितलं नाही, पण वर्गाचं दार अर्धं लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात बोलू लागल्या. आधीच्या शाळेत त्यांनी तसंच केलं होतं. ज्याची पिशवी त्याची वस्तू. एका मुलीच्या पिशवीत दर वेळी औषधाच्या पट्ट्याच निघायच्या. आई आजारी होती तिची. पोरांनी तिचं नाव गोळी ठेवलं. एकाच्या पिशवीत दारूच्या बाटल्यांची बुचं. एकजण पिशवीच आणायचा नाही, कारण घरात टाकण्यासारखं काही उरायचंच नाही. "पिशवी उघडली की घर उघडं पडतं हो," बाई म्हणाल्या. "म्हणून ढीग. ढिगात गेलं की ते कुणाचंच राहत नाही. सगळ्यांचं होतं."

हे बाबांना अपेक्षित नव्हतं. ते सतरंजीकडे बघत राहिले. ती तशीच पडली होती, उरलेल्या झाकणा-कपट्यांसकट. मी तासाला नव्हते म्हणून आवरायला कुणी नव्हतं. आम्ही राहत होतो त्या टेकडीवरही कुणाच्या घरात काय शिजतं, काय संपतं, हे भिंतींमधून कळायचं. बुद्धाच्या तसबिरीपुढे लावायच्या आमच्या मेणबत्त्यांच्या खोक्यावरून आम्ही कोण हे कुणालाही ओळखता आलं असतं. बाबांना ते त्या क्षणी दिसलं असेल. पण जे त्यांना बोचत होतं ते अजून तिथेच होतं.

"सगळ्यांचं होतं म्हणता," ते म्हणाले, आता आवाज न चढवता. "मग आवरायला एकटीच का?"

"चुकला माजा," बाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या तरी मालवणीत म्हणाल्या, आणि मला मुळीच हसू आलं नाही. मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, जणू स्वतःशीच, त्यांनी ठरवलं. ढीग मी मोडणार नाही. मंत्रिपद मोडते. जे उरेल त्याचे वाटे घालायचे, जितकी मुलं तितके, आणि प्रत्येकाने आपला वाटा घरी न्यायचा. मीसुद्धा.

"घरी? कुणाचं कुणाच्या घरी?" बाबांनी विचारलं.

"कुणाचं कुणाच्याही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात म्हातारी होती. बाईंनी ती कपाटात जपून ठेवली होती आणि मी ती न विचारता काढून घेतली होती. ते म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू'चा अर्थ हो नव्हता, नाहीही नव्हता. आई त्याला टांगती तलवार म्हणायची. परत येताना चढणीवर त्यांनी माझं दप्तर घेतलं.

पुढच्या तासाला मी बसले. कुणी उठवलं नाही. तास संपताना बाईंनी वाटे घातले आणि वर्गात अशी धमाल उडाली की मुख्याध्यापक बघायला आले. "ए, मला ते लाल झाकण दे ना यार, मी तुला हे चकचकीत देतो." "हट, फाटका मोजा कोण घेणार?" "वाट लागली, माझ्या वाट्याला अंड्याचं टरफल!" दुसऱ्या दिवशी एक आई तक्रार घेऊन आल्या की कुणाच्या तरी घरचं घाणेरडं आमच्या घरी कशाला. बाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं की तुमच्या घरचंही कुणीतरी नेलंय, ते लोक अजून आलेले नाहीत. पण हे दुसऱ्या दिवशीचं. त्या संध्याकाळी मी माझा वाटा कागदी पिशवीत घालून टेकडी चढले आणि घराच्या दारात आले तशी माझी पावलं थांबली. इतक्या वर्षांत ती रेघ कुणी ओलांडली नव्हती. पंखा नाही, खुर्ची नाही, डोळे मिटणारी बाहुली नाही.

बाबा आत आरशासमोर भांग पाडत होते. आरशातूनच म्हणाले, "काय आहे हातात?"

"वाटा."

"सगळ्यांनी नेला?"

"सगळ्यांनी."

"बाईंनी?"

"बाईंनी पर्समध्ये घातला. वेफरची पिशवी आणि तुटका कंगवा."

"पर्समध्ये?" बाबा वळले. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "बघ तर. मुलुंडच्या घरापर्यंत नेणार म्हणजे." हातातला कंगवा त्यांनी फळीवर ठेवला. मी अजून बाहेरच उभी होते. ते उंबऱ्यापाशी आले, माझ्या हातातली पिशवी घेतली, क्षणभर तिचं वजन केल्यासारखी धरली आणि ती घेऊन आत गेले. मीही गेले.

पिशवीत तीन झाकणं, शाईची चपटी डबी आणि लाल पट्ट्यांचा एक मोजा निघाला. लहान मुलाचा, टाचेला भोक पडलेला. बाबांनी तो दोन बोटांत धरून उजेडाकडे नेला. मी म्हणाले, याची म्हातारीला टोपी होईल. त्यांनी तो नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि नळावर गेले. स्वतःचा साबण लावून त्यांनी तो मोजा धुतला, नीट, टाच उलटी करून, जशी आमच्या गणवेशाची कॉलर धुवावी तसा.

आई आतून म्हणाली, "आता लोकांचे मोजे धुवा!"

"लोकांचा नाही," बाबा म्हणाले. "वाट्याला आलेला आहे."

टोपी घातलेल्या म्हातारीने स्नेहसंमेलनात सगळ्यांना खडसावलं. नाक शेवटपर्यंत सापडलं नाही, तरी कुणाला त्याची आठवण झाली नाही. मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या बाबांना मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. माझी वाक्यं ते ओठांतल्या ओठांत म्हणत होते, कारण घरी त्यांनीच ती माझ्याकडून परत परत वाचून घेतली होती. त्या निळ्या बाटलीचं पुढे काय झालं, मला आठवत नाही. घर बदललं, सामान हललं, कधीतरी तीही कुठल्याशा गाडीत गेली असेल आणि कुणीतरी ती उचलली असेल. ते कुणी, हा प्रश्न मला आज कुठल्याही प्रदर्शनापुढे उभं राहिलं की पडतो. मुलांनी उरल्यासुरल्यातून काही घडवावं याहून सुंदर शिक्षण मला माहीत नाही. पण त्या टेबलावर फक्त घडवलेलं मांडलेलं असतं. घडवून झाल्यावर जे जमिनीवर उरलं ते कुणी आवरलं, हे कुठे लिहिलेलं नसतं, आणि माझ्या मते मुलं खरा धडा तिथे शिकतात. कुणी ओतायचं आणि कुणी भरायचं, हे त्यांना न सांगता कळून जातं.

वाटे घालणं त्या वर्षापुरतंच टिकलं. पुढच्या वर्षी बाईंची बदली झाली, नव्या गुरुजींना कागदाच्या घड्यांची आवड होती, सतरंजी गुंडाळून कपाटावर गेली. मीही नंतर पुष्कळ पत्रकं लिहिली. मोठ्या टायपातली, उद्गारचिन्हांची. त्यांतल्या प्रत्येकात मी असं काहीतरी मागत आले जे अजून कुठेच झालेलं नाही. एका वर्गापुरतं, एका वर्षापुरतं काही होणं मला तेव्हा मोजण्यासारखंही वाटत नसे. आता वय थोडं वाढलं तसं वाटतं, ते थोडं नव्हतं. सगळं बदलायला किती काळ लागेल, मला माहीत नाही. बाबांनाही माहीत नव्हतं. पण उरलेलं सगळ्यांनी वाटून उचललं, असं एकदा झालेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि हे होऊ शकतं का, असं कुणी विचारलं तर मला पत्रकात बघावं लागत नाही.